न्सेमानीच्या पाण्यावर पावणेदोन तास: क्रूगर, साबी सँड आणि चोबेची फोटो-सफारी

पाणवठा

जूनमध्ये मी आणि दादा बारा दिवस दक्षिण आफ्रिका आणि बोत्स्वानात फोटो काढायला जाऊन आलो. परत आल्यापासून बऱ्याच जणांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून विचारलं, म्हणून सगळं एकाच ठिकाणी लिहिते. दिवसावार प्रवासवर्णन लिहीत नाही, कारण त्या बारा दिवसांत जे उमगलं ते एका संध्याकाळचं आहे. तिथूनच सुरुवात करते.

दक्षिण आफ्रिकेतल्या क्रूगर राष्ट्रीय उद्यानाच्या मधल्या भागात सातारा नावाचा कॅम्प आहे. होय, सातारा! जमिनीची मोजणी चालू असताना मोजणीदाराच्या भारतीय मदतनीसाने सतराव्या तुकड्यावर ‘सतरा’ लिहिलं आणि त्याचं पुढे सातारा झालं, अशी गोष्ट तिथे सांगतात. कॅम्पच्या पश्चिमेला थोड्याच अंतरावर न्सेमानी नावाचा बांध आहे. दुपारी साडेतीनला आम्ही तिथे गाडी लावली. समोर पाण्यात पाणघोडे होते आणि पलीकडच्या काठावर चार जिराफ उभे होते. पाणी प्यायला आले होते, पण पीत नव्हते.

जिराफाला पाणी प्यायचं म्हणजे मोठं संकट असतं. पुढचे पाय फाकवायचे, एवढी मान खाली न्यायची, आणि त्या अवस्थेत सिंह आला तर पटकन उठता येत नाही. त्यामुळे तो उभा राहतो. बघतो. एक पाऊल पुढे टाकतो, दोन मागे घेतो. आमच्या शेजारी गाड्या येत होत्या, काच खाली करून “सिंह?” असं विचारत होत्या आणि दादाने मान हलवली की निघून जात होत्या. तासाभरात निदान दहा गाड्या येऊन गेल्या असतील. मलाही दोनदा वाटलं की निघावं, कारण एस१०० या रस्त्यावर सिंहांचा कळप असल्याचं सकाळीच कळलं होतं आणि साडेपाचच्या आत कॅम्पचं फाटक गाठायचं होतं. दादा म्हणाला, “पाच वाजेपर्यंत थांबू. तू आल्यापासून प्रत्येक ठिकाणाहून दहा मिनिटांत उठवते आहेस.” खरंच होतं ते.

पाचला थोडी मिनिटं असताना सगळ्यात मोठ्या नराने पाय फाकवले. ऊन तोवर बाजूने आणि अगदी खालून येत होतं. तो प्यायला आणि त्याने एका झटक्यात मान वर घेतली, तेव्हा तोंडातून सुटलेल्या पाण्याची एक लांब, वळणदार रेघ हवेत उभी राहिली आणि तिच्यातला थेंब न् थेंब उन्हात पेटला. शटरचा वेग १/२५०० सेकंद होता, सलग फ्रेम चालू होत्या, तरी एकवीस फ्रेमपैकी फक्त दोनच फ्रेममध्ये ती रेघ पूर्ण आली. माझ्या सगळ्या सहलीतले ते दोन फोटो. सिंह आम्हाला तीनदा दिसले. त्यांचे फोटो बरे आहेत, पण तसे फोटो सगळ्यांकडे असतात.

तर म्हणणं एवढंच की जागा कमी करा आणि प्रत्येक जागी थांबणं वाढवा. क्रूगर जवळपास १९,५०० चौरस किलोमीटर आहे. आपला ताडोबा-अंधारी प्रकल्प बफरसकट १,७२७. तिथे ‘सगळं बघू’ म्हणणाऱ्याचा दिवस गाडी चालवण्यातच जातो. डांबरी रस्त्यावर वेगमर्यादा ताशी ५०, कच्च्यावर ४०, आणि ठरलेल्या जागा सोडून कुठेही गाडीतून उतरायचं नाही.

आम्ही लोअर साबीला तीन रात्री, साताऱ्याला तीन, मग साबी सँडमध्ये दोन आणि शेवटी बोत्स्वानात चोबे नदीवर तीन रात्री राहिलो. लोअर साबीच्या फाटकाबाहेरच सनसेट डॅम आहे. पाणी रस्त्याला इतकं लागून आहे की गाडीच्या खिडकीतून कॅमेरा जवळजवळ पाण्याच्या पातळीवर येतो. पाणघोड्याच्या पाठीवर उभा राहून फिरणारा बगळा मी तिथेच टिपला. स्कुकुझाजवळ लेक पॅनिक नावाचं लाकडी लपण आहे, पक्षीवाल्यांनी एक सकाळ तिथे द्याच. काळा-पांढरा खंड्या, आपल्या भिगवणला दिसतो तोच, तिथे लपणासमोरच्या काटकीवर येऊन बसतो.

साबी सँड हे क्रूगरला लागून असलेलं खाजगी राखीव रान आहे. तिथे बिबट्यामागे रस्ता सोडून झुडपात गाडी नेता येते, पुढे बॉनेटवरच्या खुर्चीत माग काढणारा बसलेला असतो. चोबेत होडीतून. त्याबद्दल विचाराल तसं लिहीन, आताच खूप झालं.

सामान: दोन कॅमेरा बॉडी, एकीवर २००-६०० मिमीची लेन्स, दुसरीवर ७०-२००ची. लेन्स बदलायचीच नाही, कारण धूळ. ट्रायपॉड एकदाही उघडला नाही. बीनबॅग, म्हणजे गाडीच्या खिडकीत लेन्स टेकवायची भरलेली पिशवी, मात्र हवीच. आणि एक गोष्ट मला दुसऱ्या दिवशी कळली: फोटो काढताना गाडीचं इंजिन बंद करा. पहिल्या दिवशीचे माझे अर्धेअधिक फोटो मऊ, म्हणजे अस्पष्ट आले, मी लेन्सला दोष देत बसले होते. ६०० मिमीवर इंजिनाची थरथर फोटोत उतरते. मागच्या सीटवरच्या माणसाने चिवड्याची पिशवी काढायला वाकलं तरी उतरते.

---

चंद्रपूरकर

सुंदर लिहिलंत. जिराफाचं वाचताना ताडोब्यातल्या पांढरपौनीच्या पाण्यावर वाघाची वाट बघत बसलेलो ते आठवलं. आमच्याकडेही जिप्सीवाल्याला “चल, चल, पुढे बघू” म्हणणारे असतातच.

एक विचारायचं होतं. खाजगी रिझर्वमधला बिबट्या म्हणजे जरा सोपा फोटो नाही का? वायरलेसवर निरोप आला की गाड्या पोहोचल्या, जनावर गाड्यांना सरावलेलं, रस्ता सोडून जायची मुभा. मला त्यात जंगल कमी आणि सोय जास्त वाटते.

---

पाणवठा

@चंद्रपूरकर, हा प्रश्न मलाही पडला होता, त्यामुळे नीट लिहिते.

साबी सँड आणि क्रूगरच्या मधलं कुंपण १९९३ साली काढलं. म्हणजे जनावर तेच, ते आपल्या पायांनी इकडून तिकडे जातं. कुणी त्याला खायला घालत नाही. गाड्यांना ते सरावलंय हे खरं, कित्येक पिढ्या गाड्या बघत वाढल्यात. पण एका बिबट्यापाशी एका वेळी दोन-तीनच गाड्या सोडतात, बाकीच्या लांब थांबतात. ताडोब्यात एका वाघिणीपुढे वीस जिप्सी मी पाहिल्या आहेत. त्यामुळे कोणतं जंगल जास्त, हे मी सांगू शकत नाही.

आणि सोपं म्हणाल, तर आमच्या पुढे बसलेला शांगान जमातीचा माग काढणारा वाळूतला पंजा बघून “ही मादी, पहाटेची, इकडून वळली” असं सांगायचा. मग गाडी थांबवून सगळ्यांना गप्प करायचा. इंपाला हरणं फुरफुरली, एका खारीने ओरडायला सुरुवात केली, तसं त्याने नुसतं बोट दाखवलं. चितळाचा कॉल (धोक्याची हाक), वानराचा कॉल ऐकून तुमच्याकडचे गाइड करतात तेच काम. तुमच्या मोहर्लीच्या पोरांना तिथे नेऊन बसवलं तर चार दिवसांत ते इंपालाचे कॉल सांगायला लागतील, याची मला खात्री आहे.

एक तोटा मात्र आहे. त्या लॉजच्या एका रात्रीच्या पैशात आम्ही क्रूगरच्या झोपडीत आठवड्याहून जास्त राहिलो असतो. बिबट्याचा फोटो हवाच असेल तर दोन रात्री घ्या, नाहीतर तेच पैसे क्रूगरमधले दिवस वाढवायला वापरा.

---

अजिंक्यतारा_पायथा

साताऱ्याचं वाचून उडालोच! आमच्या साताऱ्याच्या नावाचीही एक व्युत्पत्ती सतरावरूनच सांगतात, किल्ल्याच्या सतरा भिंती, सतरा बुरूज, सतरा दरवाजे म्हणून. तिथला सतरा आणि इथला सतरा. आता तिथे जाणं आलंच.

---

जोबर्गवासी

इथे जोहान्सबर्गला अकरा वर्षं राहतोय, दर हिवाळ्यात क्रूगरला जातो. काही भर घालतो.

बुकिंग जवळजवळ वर्षभर आधी उघडतं आणि लोअर साबी, सातारा हे कॅम्प सगळ्यात आधी भरतात. इथल्या शाळांच्या हिवाळी सुट्ट्या जूनच्या शेवटी-जुलैत येतात, तेव्हा गर्दी असते. मिळालं तर ऑगस्ट-सप्टेंबरचं घ्या. पाणी आटलेलं असतं, झाडी विरळ झालेली असते आणि सगळं रान पाणवठ्यावर येतं. हिवाळ्यात मलेरियाचा धोका कमी होतो, पण संपत नाही, डॉक्टरांना विचारून गोळ्या घ्याच. लहान मुलं बरोबर असतील तर माडिक्वे, पिलान्सबर्ग, ॲडो हे मलेरिया नसलेले भाग आहेत.

आफ्रिकेतल्याच एखाद्या पीतज्वराच्या (यलो फीव्हर) देशातून विमान बदलून येणार असाल आणि मधला थांबा बारा तासांहून जास्त असेल, तर पीतज्वराच्या लसीचं प्रमाणपत्र इथे मागतात. लस किमान दहा दिवस आधी घेतलेली लागते. ऐनवेळी धावपळ करू नका.

गाडी आपल्यासारखीच डावीकडून चालवायची असते, त्यामुळे सोपं जातं. आरटीओतून इंटरनॅशनल परमिट काढून आणा. आणि शक्यतो उंच गाडी भाड्याने घ्या. गवत कमरेएवढं असतं, लहान गाडीतून तुम्हाला सिंहाचे फक्त कान दिसतील.

हत्तीचं तेवढं गांभीर्याने घ्या. नराच्या डोळ्याच्या मागून, गालावरून ओघळ आलेला दिसला, मागच्या पायांवर लघवी ठिबकत असली, तर तो मदात आहे. फोटो राहू द्या, सावकाश मागे या. हत्ती रस्त्यातून चालत येत असेल तर रस्ता त्याचा. मी एकदा पाऊण किलोमीटर उलटा गेलोय.

---

सह्यवाट

पाणवठाताई, तुम्ही टाकलेल्यातला चौथा फोटो बघितला. गेंड्याचा. फोटो अप्रतिम आहे, पण खाली तुम्ही रस्त्याचा नंबर आणि पाणवठ्याचं नाव लिहिलंय. कृपा करून ते काढा.

२०१४ साली एकट्या दक्षिण आफ्रिकेत १,२१५ गेंडे शिकाऱ्यांनी मारले. नंतर आकडा खाली आला, तरी २०२३ मध्येही ४९९ मारले गेले. शिंग म्हणजे केराटिन, आपल्या नखांसारखं, त्यात औषध म्हणून काहीही नाही, तरीही. शिकाऱ्याला काय हवं असतं? गेंडा कोणत्या पाण्यावर, किती वाजता येतो एवढंच. ते आपणच फुकट सांगतो. फोनने काढलेला फोटो असेल तर त्याच्या आत ठिकाणाची नोंदही जाते, ती बंद करून मगच फोटो टाका.

वाईट वाटून घेऊ नका, पण गेंड्याच्या बाबतीत मला गप्प बसवत नाही.

---

पाणवठा

@सह्यवाट, काढलं. वाईट कशाला वाटेल, तुम्ही सांगितलंत हे फार बरं झालं. सिंहाच्या फोटोखाली ठिकाण लिहायची सवय, त्याच हाताने गेंड्याच्या खालीही लिहिलं गेलं. बाकीच्या ठिकाणी टाकलेलेही आत्ताच जाऊन काढून आले.

त्या गेंड्याचं शिंग कापलेलं होतं, तुमच्या लक्षात आलं असेल. शिकार होऊ नये म्हणून उद्यानवालेच भूल देऊन कापतात. ते पुन्हा वाढतं, मग पुन्हा कापतात. समोर उभा होता तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला की फोटो बिघडला. दोन मिनिटांनी त्याची लाज वाटली. आता तो फोटो मी मुद्दाम मोठा छापून घेतला आहे.

---

कॅमेरावाल्या_आजी

माझं वय ६८, लेन्सा उचलायची ताकद नाही. मोठा झूम असलेला एकच कॅमेरा आहे, लेन्स न बदलणारा. मागच्या वर्षी मुलीकडे केपटाउनला गेले होते तेव्हा ॲडोला चार दिवस काढले. ज्यांना वाटतं की महागडी लेन्स नाही तर जाऊन काय करायचं, त्यांच्यासाठी लिहिते.

ॲडो हे हत्तींचं उद्यान. १९३१ साली ते झालं तेव्हा तिथे अकरा हत्ती उरले होते. आता सहाशेच्या वर आहेत. हापूर नावाच्या पाणवठ्यावर सकाळी नऊपासून बसले, दुपारपर्यंत कळपामागून कळप येत होते. हत्ती इतके जवळ असतात की झूम लागतच नाही. एका पिल्लाला सोंड कशी वापरायची ते कळत नव्हतं, ते गुडघे टेकून तोंडानेच पाणी पीत होतं. तो फोटो माझ्या हॉलमध्ये लावलाय.

आणि तिथे रस्त्यावर पाट्या आहेत की शेणकिड्यांना वाट द्या. हत्तीच्या शेणावरून गाडी न्यायची नाही, कारण त्यात शेणकिडे असतात आणि तिथला शेणकिडा उडू शकत नाही. मी जावयाला गाडी थांबवायला लावली आणि एक किडा त्याचा गोळा मागच्या पायांनी ढकलत रस्ता पार करेपर्यंत त्याचे फोटो काढले. गोळा दोनदा घरंगळला, दोनदा तो मागे गेला आणि पुन्हा घेऊन आला. सव्वीस फोटो आहेत. हवे असतील तर टाकते.

---

पाणवठा

आजी, सगळे सव्वीस टाका!

---

मध्यरात्र

मी नामिबियातल्या इटोशाबद्दल लिहितो, कारण थांबण्याबद्दलचा हा धागा इटोशाशिवाय अपुरा राहील.

इटोशा १९०७ पासून राखीव आहे. मधोमध साधारण ४,८०० चौरस किलोमीटरचं पांढरं, मिठागरासारखं कोरडं तळं. दिवसा मध्यान्हीला फोटो काढूच नका. तापलेल्या जमिनीवरची हवा इतकी हलते की कुठलीही लेन्स असो, लांबचं जनावर पाण्यात पडल्यासारखं दिसतं. सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास, आणि मग रात्र.

ओकाउकेयो कॅम्पच्या कडेलाच एक पाणवठा आहे, रात्रभर दिव्यांनी उजळलेला. बुटकी दगडी भिंत, मागे बाकडी. चाळीस-पन्नास माणसं बसलेली असतात आणि कोणी बोलत नाही. रात्री साडेदहाच्या सुमाराला अंधारातून काळा गेंडा आला. काळा गेंडा एकलकोंडा म्हणतात, पण थोड्या वेळाने दुसरा आला, मग पिल्लू घेऊन तिसरी. नाकाला नाक लावून ते एकमेकांना हुंगत उभे राहिले, आणि पाण्यात खाली सगळ्यांची प्रतिबिंबं. इथे मात्र ट्रायपॉड हवा. गेंडा पाणी पिताना स्थिर असतो, त्यामुळे आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता) फार न चढवता १/१५ सेकंदापर्यंतही शटर ठेवता येतं. मी पहाटे दोनला उठलो, तेव्हा शेजारचे जर्मन काका अजून तिथेच होते.

(ठिकाण लिहिलंय ते जगाला माहीत असलेलं आहे आणि कॅम्पच्या भिंतीला लागून आहे, म्हणून लिहिलं.)

---

उन्हाळी_वारा

मी पुढच्या वर्षी जायचं ठरवतोय. आठ दिवसांत क्रूगर, इटोशा, चोबे आणि व्हिक्टोरिया धबधबा बसवता येईल का? एका टूरवाल्याने तसा आराखडा दिलाय. फोटोग्राफी स्पेशल म्हणून.

---

कोकणकडा_७

@उन्हाळी_वारा, थांबा. माझा अनुभव ऐका. नाव लिहीत नाही, पण अशीच ‘फोटोग्राफी स्पेशल’ म्हणून आम्हाला नेलं होतं. प्रत्येकाला खिडकी म्हणून सांगितलं होतं. प्रत्यक्षात बंद व्हॅनमध्ये नऊ जण आणि उघडणाऱ्या खिडक्या चार. चित्ता डावीकडे आला तेव्हा मी उजवीकडे होतो, माझ्याकडे समोरच्या माणसाच्या कानाचे अकरा फोटो आहेत. आठ दिवसांत पाच मुक्काम झाले. पहाटे सहाला, जेव्हा फाटक उघडतं आणि प्रकाश सोन्यासारखा असतो, तेव्हा आम्ही तीन दिवस विमानतळावर रांगेत होतो. तीन वर्षं पैसे साठवून गेलो होतो.

टूरवाल्याला तीन गोष्टी लेखी विचारा. एका गाडीत किती माणसं, एका रांगेत किती, आणि किती सकाळी तुम्ही फाटक उघडताना फाटकावर असाल.

---

पाणवठा

@कोकणकडा_७, वाचून फार वाईट वाटलं. तिसरा प्रश्न तर सोन्यासारखा आहे, त्याने सगळा आराखडा उघडा पडतो.

@उन्हाळी_वारा, आठ दिवस असतील तर एकच देश घ्या. क्रूगरचे दोन कॅम्प, चार-चार रात्री. आणि पाण्यावरून फोटो काढायचे असतील तर क्रूगर सोडून चोबे करा, पण मग चोबेच.

चोबेबद्दल लिहायचं राहिलंच होतं. कसाने गावातून फोटोग्राफीच्या खास होड्या निघतात, फिरत्या खुर्च्या आणि खुर्चीपुढे लेन्स टेकवायचा दांडा असलेल्या. नदीच्या मध्ये सेडुडू नावाचं गवताळ बेट आहे, त्याच्यासाठी बोत्स्वाना आणि नामिबिया आंतरराष्ट्रीय न्यायालयापर्यंत गेले होते आणि १९९९ मध्ये ते बोत्स्वानाला मिळालं. हत्तींना त्यातलं काही नाही, ते रोज दुपारी किनाऱ्यावरून पोहत बेटावर चरायला जातात. आमच्या होडीवाल्याने इंजिन बंद केलं आणि प्रवाहाबरोबर सोडलं. एक मादी, मागे दोन वर्षांचं पिल्लू, मागे अजून एक मादी. पाण्यावर फक्त तीन सोंडा आणि डोकी. पिल्लू बुडायला लागलं की मागची आपल्या कपाळाने त्याला वर ढकलायची. कॅमेरा त्यांच्या डोळ्यांच्या रेषेत होता. गाडीतून हत्तीचा फोटो बहुतेक वेळा आपण खालून वर बघत काढतो, त्या दिवशी पहिल्यांदा हत्तीच्या डोळ्यात आभाळ दिसलं.

बोत्स्वानात साधारण एक लाख तीस हजार हत्ती आहेत, जगात सगळ्यात जास्त. तिथल्या चलनाचं नाव पुला, म्हणजे पाऊस. कोरड्या रानात आठ दिवस काढले की ते नाव बरोबर कळतं.

---

चंद्रपूरकर

कोळसुंद्यासारखी ती रंगीबेरंगी रानकुत्री दिसली का? आणि चित्ता? कुनोत आले ते तिकडचेच ना?

---

पाणवठा

रानकुत्री नाही दिसली. ताजे पंजे दिसले, तेवढंच.

चित्ता एकदा, साताऱ्याच्या उत्तरेला, लांब. हो, कुनोत २०२२ च्या सप्टेंबरात नामिबियातून आठ आणि २०२३ च्या फेब्रुवारीत दक्षिण आफ्रिकेतून बारा आणले. तिथल्या मोकळ्या गवतात त्याला बघितल्यावर वाटलं, याला किती जागा लागते! वारूळावर चढून तो सगळीकडे बघत होता आणि जिथवर त्याची नजर जात होती तिथवर एकही घर नव्हतं.

---

अजिंक्यतारा_पायथा

साताऱ्याच्या चार रात्री मिळाल्या! पुढच्या ऑगस्टच्या. सौ. आणि मी, दोघंच. दोन शंका. बीनबॅग इथून भरून न्यायची का? आणि बाहेर जेवण बनवता येतं का?

---

पाणवठा

अभिनंदन!! बीनबॅग रिकामी न्या, वजन वाचतं. तिथल्या कॅम्पच्या दुकानात दोन किलो तांदूळ घ्या, आधी जाड प्लास्टिकच्या पिशवीत बांधा आणि मग बॅगेत भरा. झोपड्यांना बाहेर छोटा ओटा आणि शेगडी असते, पण बुक करताना बघून घ्या, सगळ्यांना नसते. ओट्यावर काही उघडं ठेवू नका, माकडं डबा उघडतात. मसाला, हळद, हिंग इथून न्या. शेवटच्या रात्री आम्ही त्याच तांदळाची खिचडी केली. बाहेर तरस ओरडत होतं आणि दादा कॅमेऱ्यातला तो जिराफ पुन्हा पुन्हा मोठा करून बघत होता.